ओळख काढायची सवय

बाबा,

आईच्या दाराला मी आतून साखळी बसवून घेतली आहे. दार चार बोटं उघडतं, बाहेरचा चेहरा दिसतो, आणि आत पाऊल टाकता येत नाही. सुताराने ती बसवली तेव्हा आई पाठ करून चुलीकडे, म्हणजे आताच्या गॅसच्या ओट्याकडे, उभी होती. तुम्ही असता तर सुताराला चहा पाजून, साखळी त्याच्याच पिशवीत परत ठेवून, वाटेला लावलं असतं, याबद्दल मला शंका नाही. तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे फोनही नव्हता, निरोप शेजारी यायचे. आता आईच्या उशाशी फोन असतो आणि मला त्याची भीती वाटते. ही भीती कोणाला सांगावी कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. या गोष्टीत तुमचाही हात आहे, ते शेवटी कधीतरी बोलावं लागेलच.

तुमची धारणीची गाडी आठवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला अमरावतीहून सोबत न्यायचात आणि तुमच्या कंडक्टरच्या सीटवर खिडकीशी बसवायचात. परतवाडा सुटलं आहे, घाट यायचा आहे, गाडी गच्च भरली आहे आणि तुम्ही माणसांमधून वाट काढत येता आहात. प्रत्येकाला पहिला प्रश्न, "कुठी जा लागते?" हा एसटीचा. तिकीट फाडून झालं की दुसरा, "कोनाकडं?" हा तुमचा. मग कोणाकडे ते कळलं की त्यांच्या सोयऱ्यांवरून आपल्या सोयऱ्यांवर यायचं, मध्येच एखादी आत्या, एखादी दिलेली मुलगी सापडायची, आणि घाट चढेपर्यंत तो माणूस आपला झालेला असायचा. समोरचा अडखळला की तुम्हीच पुढचं नाव सुचवायचात. "तळ्याजवळच्यांचे का?" तो म्हणायचा, हो. कोणाची ओळख निघालीच नाही तर तुम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं, जणू सुटे पैसे परत द्यायचे राहून गेले. मला तेव्हा वाटायचं, माझे बाबा सगळ्या वऱ्हाडाला ओळखतात. मला त्याचा फार गर्व होता.

अकोल्याला बदली झाली, आपण जठारपेठेत राहायला आलो, पण तुमची गाडी काही थांबली नाही, ती घरातच चालू झाली. दाराशी कोणीही आला की आधी पाणी, मग बसा, मग कोणत्या गावचे. एका दुपारी एक माणूस चादरी विकायला आला होता. तुम्ही त्याचं गाव विचारलंत, त्याने भातकुलीकडे हात केला, आणि तुमचा चेहरा उजळला, कारण आपलं गावही तिकडचंच. तुम्ही एकेक घर पुढे करत गेलात आणि तो मान हलवत गेला. आईने त्याला भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. तो गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, तो सगळ्यालेच हो म्हणत होता." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मला अजून ती जागा आठवते, मोरीच्या कठड्याजवळची. "आपल्या घरी जेवलेल्या मानसाची पाठ फिरली की त्याची झडती घ्याची नसते," तुम्ही म्हणालात. "मानूस पारखाले तू कोन लागून गेली?" तो कोण होता हे आपल्याला कधीच कळलं नाही. चादर मात्र चांगली निघाली, माझ्या लग्नापर्यंत टिकली, त्यामुळे तुमचंच खरं ठरलं.

आता ऐका. दिवाळीच्या थोडं आधी आईचा फोन आला. मी इथे अमरावतीत शाळेत पेपर तपासत बसले होते. आई खुशीत होती. "अवं, आपल्या गावच्या नदीकाठच्या बापूचा नातू आला होता, धाकल्याचा. बँकेत जाचं कामच नाई पडलं. हयातीचा दाखला त्यानं घरीच करून देला." पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत असल्याचं आईला दाखवावं लागतं, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, तुमच्या जाण्याने सुरू झालेली पेन्शन आहे ती. मी विचारलं, कसा केला? तर त्याच्याजवळ डबीएवढं यंत्र होतं, त्यावर आईचा अंगठा लावून घेतला. आधी नीट उमटेना, मग तिचा हात पुसून, फुंकर घालून, पुन्हा पुन्हा लावून घेतला. आधार कार्डाचा फोटो काढला. फोनवर आलेला आकडा तिने वाचून दाखवला, कारण त्याने चष्मा आणला नव्हता. मग तो जेवला. "दोन घास जास्तच जेवला," आई म्हणाली. माझ्या हातातला पेन तसाच राहिला. मी तिला एवढंच विचारलं की त्याने अजून काय विचारलं. "काई नाई व. घरी एकटीच रायता का म्हने, रात्रीचं कोनी असते का."

मी मिळेल त्या गाडीने अकोल्याला गेले. बँकेत जाऊन खातं पाहिलं, तर तो येऊन गेला त्याच संध्याकाळी कुठल्यातरी लांबच्या गावाहून आईच्या अंगठ्याने पैसे निघाले होते. अंगठा तिच्या हातालाच होता आणि तिकडे कोणीतरी तो वापरला होता. मी खातं बंद करून घेतलं, आधारवर अंगठ्याला कुलूप लावता येतं ते लावून घेतलं, सायबर पोलिसांत तक्रार दिली. तिथला हवालदार भला होता. म्हणाला, "म्याडम, गेले ते सोडा. तो परत येते का, ते पाहा. जिथं एकदा जेवला तिथं तो परत येते." तो हे सहज म्हणाला, आणि मी घरी येईपर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक मोटरसायकलकडे पाहत होते.

आईला मी सांगितलं. ती मानेना. "त्यानं नाई नेले. बँकेचीच चूक असन." मी बापूंच्या घरी फोन केला. त्यांच्या धाकट्या मुलाला दोन्ही मुलीच आहेत, असा नातू त्यांच्या घरात नाही. तेही आईला सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, "मंग त्याले आपलं सगळं कसं ठाव होतं? तुह्या बाबाचं गाव, बापूचं घर, सगळं बराबर सांगतलं त्यानं." मलाही त्याचीच धास्ती होती. घरातलं कोणी फितूर आहे का, नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणी बसलंय का, असलं काय काय मनात आलं. माझ्या चुलतभावांवरसुद्धा मी संशय घेतला.

उत्तर आईच्याच फोनमध्ये होतं. तिचा फोन घेतला तेव्हा सगळी बोलणी आपोआप साठवून ठेवायची सोय मी चालू करून दिली होती आणि विसरून गेले होते. आई दुपारी आडवी झाली होती, मी स्वयंपाकघरात बसून, तो घरी यायच्या आधी त्याचा पहिला फोन आला होता तो लावला.

"आजी, मी बोलून राहिलो. वयखलं नाई का?"

"कोन बाप्पा? भातकुलीकडचा का?"

"हो, तिकडलाच."

"नदीकाठच्या बापूच्या घरचा?"

तो थोडा थांबतो. "हो आजी. बापूचा नातू."

"धाकल्याचा का मोठ्याचा?"

"धाकल्याचा."

"अवं माय. तुह्या बापाले म्या कडेवर खेळवलं."

बाबा, त्याला काहीच माहीत नव्हतं. एकही नाव, एकही घर, एकही गाव त्याने स्वतःहून सांगितलेलं नाही. तो फक्त थांबत होता. आणि आई तुमच्यासारखीच त्याचा हात धरून त्याला एकेक पायरी घरात घेत होती. मी ते ऐकलं तेव्हा मला आईचा राग आला नाही, तुमचा आला. त्या गच्च गाडीत किती लोकांनी तुम्हाला नुसतं हो म्हटलं असेल, हे माझ्या पहिल्यांदा मनात आलं, आणि मग ते मनातून जाईना. तेव्हा हो म्हणणाऱ्याला काय मिळायचं? फार तर बसायला जागा. म्हणून ती सवय आपल्याला पोसता आली. आता कोणीतरी कुठेतरी बसून, आपल्या बोलीत, रोज किती म्हाताऱ्या माणसांना "वयखलं नाई का" म्हणत असेल, आणि तिकडून घरोघरचे बापू, आत्या, नातू धावत त्याच्या मदतीला येत असतील.

मी आईला बसवून शिकवलं. नाव आपण सांगायचं नाही, त्याला सांगू द्यायचं. फोनवर आलेला आकडा कोणालाच वाचून दाखवायचा नाही, अगदी मलाही नाही. अंगठा बँकेतच, दारात नाही. कोणी पोलीस आहे म्हणाला, तुमच्या नावावर गुन्हा आहे म्हणाला, तर फोन ठेवून शेजारच्या काकूंना हाक मारायची. साखळी काढायची नाही. आई सगळं ऐकून घेत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाली, "म्हंजे आता आलेल्या मानसाले दारातूनच पानी द्याचं. तुह्या बाबानं असं कोनाले देलं नाई." मी चिडून म्हणाले की बाबांच्या वेळचं सोड. ती रडली नाही. तिने त्या दिवसापासून जेवण मात्र कमी केलं. शेजारच्या काकू सांगतात, दुपारी ती साखळी लावलेल्या दाराच्या आत खुर्ची घेऊन बसते. वाट पाहते की राखण करते, ते काकूंनाही कळत नाही. त्याचे फोन येतच राहतात, दरवेळी नवा नंबर. तो पैशाचं काही बोलत नाही. गुडघा कसा आहे विचारतो.

गेल्या शनिवारी मी अकोल्याला होते. आई मागे कपडे वाळत घालत होती आणि फोन वाजला. मी उचलला. हवालदाराने सांगून ठेवलं होतं की बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि ठेवून द्यायचं. मला वाटलं, चला, आवाज साठवला जाईल, पुरावा होईल. तिकडून अगदी शांत, आपल्याकडचा आवाज आला. "आजी नाई का? मंग तुमी आत्याच असान." मी बोलले नाही. तो म्हणाला, "आत्या, आबा मोटारीवर होते ना धारणीच्या. आमची आजी तापात होती त त्याहिनं घाटात गाडी थांबून ठेवली होती तिच्यासाठी. घरी अजून सांगतात." मला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे. तुम्ही कंडक्टर होतात हे आईने त्याला सांगितलेलं होतं, आणि घाटात कुठल्या कंडक्टरने कधी गाडी थांबवली नसेल? पण बाबा, तुमच्याबद्दल मला माहीत नसलेली गोष्ट कोणी सांगितली त्याला आता कितीतरी वर्षं झाली. त्या गाडीतली माणसं राहिलीत कुठे? मी म्हणाले, "मग?"

तो थांबला. ते थांबणं मी ओळखत होते. तरी त्या वाटेवरच्या गावाचं नाव माझ्याच तोंडून गेलं, "सेमाडोहच्या अलीकडे का?"

"हो आत्या. सेमाडोहच्या अलीकडंच."

मग त्याने विचारलं की मी कुठे असते, आणि मी अमरावती म्हणाले. तो म्हणाला, आजीला भेटून खूप दिवस झाले, पुढच्या आठवड्यात चक्कर मारीन म्हणतो. आपल्याकडे फोन ठेवताना जे म्हणायची रीत आहे तेच मी म्हणाले. "बरं, या." आई ओल्या हातांनी आत आली आणि कोणाचा फोन होता विचारू लागली. मी सांगितलं, कंपनीचा होता.

तो येणार आहे हे पोलिसांना कळवायला हवं. नवा नंबर द्यायला हवा, आणि बोलणं साठवलेलं आहे तेही द्यावं लागेल. तो भला हवालदार ते माझ्यासमोर लावेल आणि त्यात मी त्या माणसाला "या" म्हणते आहे. म्हणून मी अजून गेलेले नाही. आठवडा संपत आला आहे. ते बोलणं मी माझ्या फोनमध्ये घेऊन आले आहे आणि शाळेतून आले की ऐकते. तुम्ही घाटात गाडी थांबवता तिथपर्यंतच ऐकते, पुढचं लावत नाही.