साहेबाचा ‘फ्रेंड’

सौ. ताईस, धाकट्याचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय म्हणून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितोय. इस्त्रीच्या मशीनवर उजवा जरासा भाजला. आईला यातलं काही बोलू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

लाँड्रीतला आमचा साहेब हात भाजेपर्यंत मला ‘ए’ म्हणायचा. आता ‘फ्रेंड’ म्हणतो. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तू दिलेला शब्दकोश काढला. मित्र, स्नेही, सखा, सोबती, सवंगडी. एकही त्याच्या तोंडी शोभेना. शेवटी होतं हितचिंतक. म्हटलं, कोणाचं हित?

आज त्याने स्वतः चहा आणून दिला आणि पाठोपाठ एक कागद पुढे केला. ‘फ्रेंड, फक्त एक सही.’ कोश घेऊन एकेक शब्द लावत बसलो. चूक सगळी माझीच, असं लिहिलं होतं. मशीनचं झाकण महिनाभर तुटलेलं आहे, त्याचं नावही नाही.

चादरींच्या घड्या घालणारी म्हातारी माझ्याशी कधी बोलत नाही. तिने येऊन कागद पालथा घातला. मला तिचाही संशय आला. विचारलं, ‘तुम्हाला काय पडलंय त्याचं?’

तिने बाही कोपरापर्यंत वर केली. सगळी कातडी कधीतरी भाजून आक्रसलेली.

‘मलाही फ्रेंडच म्हणायचा,’ ती म्हणाली. ‘मी सही केली.’

ताई, आज मी एकाच कागदावर सही करतोय, ती इथे खाली.

तुझा,
धाकटा