ग्लास ठेवण्याआधी

शनिवार, संध्याकाळ. हॅरो.

आज आमच्या सुनेचा, इन्ग्रिडचा, स्वीडिश सण, मिडसमर. टेबलावर मुरवलेली हेरिंग मासळी, बटाटे, शहाजिऱ्याच्या वासाची त्यांची कडक दारू, मला कोकम. ‘स्कोल’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, प्यायचं, ग्लास ठेवण्याआधी पुन्हा बघायचं, हे मला तिनेच शिकवलेलं.

आज ती प्यायली आणि निखिलकडे बघत राहिली, ग्लास तसाच हातात. माझा लेक मोबाईलमध्ये.

“अरे, ती थांबलीय!”

“आई, नुसतं ड्रिंक आहे गं. चिल!”

सोमवारी ती माहेरी चाललीय. परतीचं तिकीट काढलेलं नाही, मला म्हणाली. त्याने विचारलंसुद्धा नाही.

मग ग्लास तसाच धरून तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी मेली कोकमाच्या पेल्यात बघत बसले. एवढं वर बघायला काय झालं होतं मला?