गच्चीवरचं काश्मीर

४ मे, रविवार. सकाळी ६.१०
निर्णय झाला. फिल्म करायची. जूनमध्ये धुळ्याला हौशी लोकांची शॉर्टफिल्म स्पर्धा आहे. कथा माझी, डायरेक्शन माझं, हिरोही मीच. दुसऱ्या कोणाला दिला असता चान्स, पण अख्ख्या सावद्यात मेजर शोभेल असा माणूस नाही. मेजर विक्रांत, डॉक्टर मीरा, काश्मीर, बर्फ, शेवटी ताटातूट. काश्मीरला जायची गरज नाही. मागे हिरवा पडदा लावायचा, शूटिंग करायचं, मग कॉम्प्युटरवर हिरवा रंग काढून तिथे बर्फ टाकायचा. तेवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे मी. प्रकाश म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.
मीराच्या रोलला बायको, कामिनी. तिच्या झेडपी शाळेला सुट्टीच आहे, मोकळी आहे. (तिला विचारायचं राहिलंय.)
कॅमेरा राकेशचा. लग्नांचं शूटिंग करतो. कॉलेजपासूनचा दोस्त. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास.

६ मे, मंगळवार
कामिनी हो म्हणाली. म्हणजे "बरं" म्हणाली. लग्नानंतर काश्मीरला नेईन असं मी कधीतरी बोललो होतो म्हणे. मी म्हटलं, मग हे तेच समज. त्यावर तिने भांडी जरा जोरात लावली.
पडद्यासाठी नर्सरीतलं हिरवं शेडनेट आणलं. गच्चीवर बांधलं. आरपार शेजाऱ्याची केळीची बाग दिसते. राकेश म्हणाला, "भूप्या, हे नाही चालत, कापड लागतं." मला माहीतच होतं. त्याची परीक्षा घेत होतो.

८ मे, गुरुवार
जळगावला जाऊन फुले मार्केटमधून कापड आणलं. पोपटी. दुकानदाराने विचारलं, घरात बारसं आहे का? सामान्य माणसाला यापुढे सुचत नाही.

९ मे, शुक्रवार. दुपार
शूटिंग सुरू. ४४ डिग्री. कामिनी स्वेटर, मफलर, कानटोपीत. तिचा घाम ओघळतो आणि बर्फात घाम दिसता कामा नये. तिला सांगितलं, कंट्रोल कर. घामावर कंट्रोल नसतो म्हणाली. हे डेडिकेशन कमी असण्याचं लक्षण.
वाऱ्याने पडदा दोनदा माझ्या अंगावर आला.
मी "थंडी! थंडी वाजू दे!" असं ओरडून वातावरणनिर्मिती करतो. मोठे डायरेक्टर करतात तसं. आज घसा बसला.

११ मे, रविवार
काल राकेशच्या लॅपटॉपवर पहिला शॉट बघितला. कामिनीचा पंजा एकीकडे, कोपर एकीकडे, मधून हिमालय. कारण कळलं. हिरव्या बांगड्या! हिरव्यासोबत त्याही गेल्या. आज बांगड्या काढायला सांगितल्या तर आई जिन्यात येऊन उभी. "सवाशनीचे हात रिकामे ठेवतं का रे कोनी? तुले काही लाज?" मी आईला तांत्रिक बाजू समजावली. आई म्हणाली, "मंग तुह्या बर्फाले सांग बांगड्या घालाले."
तोडगा: हातांवर माझे जाड मोजे. पायातले. कामिनीने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. राकेशने तेव्हाही कॅमेरा बंद केला नव्हता. लाल दिवा चालू होता. विचारलं तर म्हणाला, "बॅटरी चेक करतोय." किती काळजी घेतो.

१६ मे, शुक्रवार
शूटिंग संपलं. आठ दिवसांत. शेवटच्या शॉटला कामिनीला चक्कर आली. ती कोसळली ते मीराच्या विरहाच्या सीनला इतकं फिट होतं की मी कट म्हणालोच नाही. राकेश कॅमेरा सोडून धावला. शॉट हलला. त्याला नंतर प्रोफेशनल वागणुकीबद्दल दोन शब्द सुनावले.

२४ मे, शनिवार
एडिटिंग. बर्फाचा व्हिडिओ इंटरनेटवरून घेतला. त्यात एक गोरा माणूस स्कीइंग करत येतो आणि कामिनीच्या या कानातून शिरून त्या कानातून बाहेर पडतो. राकेश म्हणाला, दुसरा घेऊ. मी म्हटलं, राहू दे, मीराच्या मनातली खळबळ दिसते. माझ्या केसांभोवती हिरवी कडा राहिली आहे. तेजोवलय वाटतं. ठेवली.

३१ मे, शनिवार
फिल्म पाठवली. राकेशने फॉर्मसोबत आणखी एका कागदावर माझी आणि कामिनीची सही घेतली. अधलंमधलं जे शूट झालं ते वापरायला परवानगी म्हणे. कामिनी दहा मिनिटं वाचत बसली. मी न वाचता सही केली. मैत्रीत वाचत नसतात.

२२ जून, रविवार. धुळे
लिहितो आहे ते एसटी स्टँडवर.
यादीत माझी फिल्म नव्हती. मला वाटलं, मोठी फिल्म मागे ठेवतात, शेवटी दाखवतात. शेवटी लागली एक डॉक्युमेंटरी. नाव 'गच्ची'. दिग्दर्शक राकेश.
पडद्यावर मी. माझी गच्ची. मी पोट आत ओढतोय. मी ओरडतोय, थंडी, थंडी! मागे पोपटी कापड आणि कापडाच्या वर शेजाऱ्याची पाण्याची टाकी. बर्फ कुठेच नाही. राकेशने बर्फ टाकलाच नाही! लोक हसून हसून खुर्चीवरून घसरत होते. मग कामिनीला चक्कर येते तो शॉट आला आणि हॉल एकदम चिडीचूप.
पहिला नंबर. ऑगस्टमध्ये पुण्याला फायनल.
बाहेर एक धोतरवाले आबा माझा हात धरून म्हणाले, "भाऊ, तुमनं काम एक नंबर शे!" मी म्हटलं, ते काम नव्हतं. आबा म्हणाले, "तेच तं!"
पंचवीस वर्षांची मैत्री. माझ्याच गच्चीवर, माझ्याच पडद्यापुढे, माझ्या पाठीत.

२४ जून, मंगळवार
कामिनीला माहीत होतं. तिने आधीच बघितली होती. राकेशच्या घरी, त्याची बायको नूतन हिच्यासोबत, चहा पीत. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "कागद तुमच्या हातात होता. वाचायचा ना." मी म्हटलं, मी हे सगळं तुझ्यासाठी केलं. ती म्हणाली, "आठ दिवस त्या स्वेटरमध्ये उभी होते. एकदा तरी पाणी विचारलं का तुम्ही?"
आठवून बघितलं. विचारलं असणार. तशी पद्धत आहे माझी.
घरातच फितुरी असल्यावर माणूस काय करणार.

३ जुलै, गुरुवार
राकेशला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. मजकूर कडक: "माझी छबी असलेले प्रत्येक दृश्य आठ दिवसांत काढून टाकावे." मला काढलं की उरतं काय? पोपटी कापड. नाक घासत येईल.

६ जुलै, रविवार
आला. नाक वगैरे घासलं नाही. आईने त्याला चहा दिला, वर शेव. (आईसुद्धा.) तो म्हणाला, "भूप्या, तुला दुखवायचं नव्हतं रे. तू तिथे जसा होतास ना, तसा तू मला त्या मेजरपेक्षा जास्त आवडला." गोड बोलणं. जाताना त्याने तीनदा विचारलं, खरंच काढू? मी तीनदा म्हटलं, काढ. तिसऱ्यांदा त्याचा आवाज जरा बसका झाला होता. पश्चात्ताप.

१३ जुलै, रविवार
राकेशने नवीन कट कामिनीच्या फोनवर पाठवला. मी बघणार नाही. कामिनीने स्वयंपाकघरात उभ्याने बघितला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला. विचारलं, पडली ना फिल्म? "नाही," एवढंच म्हणाली.

१० ऑगस्ट, रविवार. सायंकाळी ७.३०
कामिनी, राकेश, नूतन पुण्याला. मला चला म्हणाले होते. मी अट घातली, राकेशने आधी माफी मागावी. त्याने लगेच मागितली. मनापासून वाटली नाही, म्हणून गेलो नाही.
साडेपाचला कामिनीचा फोन. पहिला नंबर. परीक्षक म्हणाले म्हणे, एक बाई, एक कापड आणि ऊन, एवढ्यावर फिल्म उभी आहे. धुळ्याच्या कटपेक्षा हा कट कितीतरी सरस. तिच्या मागे टाळ्या ऐकू येत होत्या. ती हसत होती. कामिनी असं हसते हे मी विसरलो होतो. "जेवलात का?" विचारून तिने फोन ठेवला.
मग बघितली. कामिनीने ती आईच्या फोनवर पाठवून ठेवली होती, आई शेजारी.
नऊ मिनिटं. कामिनी कानटोपीत उभी. स्क्रिप्टच्या कागदाने वारा घेते. मोज्यातल्या हाताने घाम पुसते. टाकीवर चिमणी आली की तिच्याकडे बघून हसते. जिथे आम्ही दोघं एकत्र होतो तिथे राकेशने माझ्यावर पडद्याचाच पोपटी रंग ओतलाय. काम एवढं सफाईदार की कडासुद्धा दिसत नाही. मी स्वतःला शोधलं. एके ठिकाणी कापडाला पोटाएवढा फुगवटा आहे, पण तो वाराही असेल.
माझा आवाज मात्र काढलेला नाही. पत्रात मी फक्त छबी लिहिलं होतं.
आईने फोन कानाजवळ नेला. म्हणाली, "पोरगी एवढी उन्हात उभी आन् हा कोन बोंबलून राह्यला रे, थंडी थंडी?"
मी म्हटलं, "असेल कोणीतरी शेजारचा."