पिवळ्या पट्टीचं मॅगझिन

४ ऑगस्ट, सोमवार

काय मंडळी, तब्येती कशा आहेत? एक नंबर, तू ठणठणीत, दिसतंयच. दोन नंबर, घशातली खरखर गेली का? तीन, तुझी पाठ अजून वाकडीच. चार आणि पाच, शहाणी जुळी, तुमची कसली तक्रार नसतेच. सहा नंबर, तुझ्या ओठाला काय झालं रे बाबा?

सहाही मॅगझिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडली होती आणि मी खरंच मोठ्यानं विचारत होते. रायफलीच्या पोटाखाली लागणाऱ्या गोळ्यांच्या डब्या या. पण माझा नवरा गस गेल्यापासून घरात बोलायला हीच माणसं. मांजर आहे, त्याला स्वतःखेरीज कुणाचं काही पडलेलं नाही.

पुढच्या महिन्यात क्लबची जोडीची स्पर्धा. मी आणि माझी मैत्रीण लोरीन. बक्षीस म्हणजे सोनेरी रंग दिलेला बिडाचा तवा. इतक्या वर्षांत तो एकदाही आमच्या चुलीपर्यंत आला नाही. आमच्या हातचं खाऊन गेलेले सगळे मात्र घेऊन गेले.

५ ऑगस्ट, मंगळवार

सहा नंबरचे ओठ फाकलेत. वरच्या दोन कडा, त्यांनीच काडतूस धरून ठेवायचं असतं. पकडीनं दाबून सरळ करायचा मोह झाला. आवरला. गसनं असंच एक सरळ केलं होतं. मैदानावर त्या डबीनं सगळी काडतुसं एकदम ओकली, आणि गस ‘वारा आहे’ म्हणाला.

९ ऑगस्ट, शनिवार

सराव. वाऱ्यानं बीटच्या शेतातली सगळी माती तोंडात. लोरीनची रायफल पुन्हा अडकली. मिनिटभरात दहा गोळ्या, मध्ये मॅगझिन बदलायचं. बाईंच्या पहिल्या दोन सुटल्या, तिसरी वाकडी होऊन तोंडातच बसली. मागच्या उन्हाळ्यात हेच, या उन्हाळ्यातही हेच.

मी म्हटलं, “अगं, ते पिवळ्या चिकटपट्टीचं मॅगझिन बदल. दर वेळी तेच.”

“मॅगझिन बिचारं काय करणार? माझे हात गेले, आल्मा. जोरानं बसवताच येत नाही मला ते.”

“हात गेले म्हणे. काल पाइचं पीठ मळताना टेबल हलत होतं तुझं.”

“पीठ मऊ असतं.”

मग गाडीत बसताना, दार अर्धं लावून, तिनं सांगितलं. सप्टेंबर संपताना घर विकून ओरेगनला चालली आहे, मुलाकडे, किथकडे. “हातच चालेनात, तर एकटीनं हिवाळा कसा काढायचा? बर्फ कोण उपसणार?” मी म्हटलं, मी उपसेन. ती म्हणाली, “तू? गेल्या वर्षी तुला उपसायला माणूस बोलवावा लागला.”

हसले मी. घरी येऊन मात्र चहा कपात ओतायच्या ऐवजी साखरेच्या डब्यात ओतला.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये प्रवचनात लक्ष नव्हतं. हिशेब सोपा आहे. हात गेले म्हणून लोरीन चालली. हात गेलेलेच नाहीत, डबी गेली आहे, हे दाखवलं की जायचं कारणच उरत नाही. देवाला हे पटवलं. देव काही बोलला नाही, म्हणजे हरकत नसावी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मर्लच्या बंदुकांच्या दुकानात गेले, नवी मॅगझिन बघायला. मर्लनं स्वस्तातली पुठ्ठ्याची पेटी पुढे सरकवली. वरून चकाचक.

मी म्हटलं, “मर्ल, ही तुझ्या स्वतःच्या रायफलीला लावतोस का?”

“मी? छे.”

“मग मला का दाखवतोस?”

“तुम्ही विचाराल की नाही ते बघायला.”

आगाऊ आहे, पण खोटं बोलत नाही. मग त्यानं आतून काढली. दोन काळी प्लॅस्टिकची, दोन ॲल्युमिनियमची. मी माझ्या पद्धतीनं तपासली. ज्या पाटीवर काडतुसं बसतात ती बोटानं एका कोपऱ्यात दाबायची. तिरकी झाली की राम राम, कारण ती तिरकी तर काडतूस तिरकं. मग रिकामं मॅगझिन रायफलीत लावायचं आणि कळ दाबायची. आपल्या वजनानं खाली पडलं पाहिजे, ओढावं लागता कामा नये. मर्ल म्हणाला, “खरबूज घेताना एवढं वाजवून बघता का?” मी म्हटलं, खरबूज ऐन वेळी दगा देत नाही.

दोन प्लॅस्टिकची घेतली. पण दुकानातलं पास होणं म्हणजे काहीच नाही. मैदानावर, धुळीत, वाऱ्यात नीट चालतील तेव्हा घरची.

१६ ऑगस्ट, शनिवार

नव्या दोघांची परीक्षा. गच्च भरून बघितलं, तर एक नीट बसेना. दोन काडतुसं कमी भरली आणि खटकन बसलं. गस नेहमी दोन कमी भरायचा. मला वाटायचं, कंजूष आहे.

बसवल्यावर एकदा खाली ओढून बघायचं, ही सवयही त्याचीच. आणि शेवटची गोळी सुटली की रायफलीचा मागेपुढे सरकणारा बोल्ट मागे उघडा राहायला हवा, म्हणजे मॅगझिननं आपलं काम इमानानं संपवलं. दोघांनीही संपवलं. मातीत लोळवून पुन्हा चालवलं. पुन्हा संपवलं. त्यांना सात आणि आठ असे नंबर दिले. घरात स्वागत.

व्हर्जिल, आमचा पंच, खुर्ची टाकून बघत होता. म्हणाला, “आल्मा, सहा नंबरचं काय करणार?”

“करते रीत पुरी.”

आमच्या क्लबची रीत अशी की मॅगझिन बाद झालं की ज्याचं त्यानं त्याच्या बुडावर खिळ्यानं फुली कोरायची. दुसऱ्याच्या मॅगझिनवर कुणी फुली मारायची नाही, अगदी डोळ्यांदेखत अडकलं तरी. फुलीवालं टाकायचं नाही. अडकलेली रायफल मोकळी करायचा सराव करायला ते ठेवायचं. स्पर्धेत मात्र कधी आणायचं नाही. सहा नंबरवर फुली मारताना मला जरा गलबलून आलं. व्हर्जिल म्हणाला, “बाई, दफन करताय का?”

२३ ऑगस्ट, शनिवार

लोरीनची पुन्हा अडकली. पुन्हा पिवळी पट्टी.

“दे ते इकडे. मी खोलून बघते. स्प्रिंग मेली असेल.”

तिनं झटकन खिशात घातलं. “माझ्या मॅगझिनला हात लावू नकोस हं. तुला सांगितलं ना, हात गेले.”

एवढी कशाला चिडली? माझ्याकडे साखर मागायला येते तेव्हा डबा न विचारता उघडते.

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टीचं जेवण लोरीनकडे. कोबी-खिम्याचे पाव. बरणीचं घट्ट झाकण माझ्याच्यानं उघडेना. लोरीननं बोलता बोलता उघडलं आणि मग एकदम “आई गं” म्हणून बोटं चोळली. मी ताटात बघत राहिले. हात गेले म्हणे!

११ सप्टेंबर, गुरुवार

बेत ठरला. सात नंबरच्या बुडावर तसलीच पिवळी चिकटपट्टी लावली. अगदी तिच्यासारखी, एक कोपरा दुमडून.

१३ सप्टेंबर, शनिवार

स्पर्धा. सकाळी मंडळी चिलीचा रस्सा आणि दालचिनीच्या रोलभोवती जमली. व्हर्जिल लोरीनला दुसरा रोल घेण्याचा आग्रह करत होता. तेवढ्यात मी तिच्या पिशवीतलं पिवळ्या पट्टीचं मॅगझिन काढलं आणि माझं ठेवलं. या वयात चोरी, आणि तीही चांगलं ठेवून वाईट नेण्याची. पोलिसांनाही लिहिताना कंटाळा येईल. तिचं मॅगझिन माझ्या एप्रनच्या खिशात. हो, एप्रन घालूनच नेम धरते मी. कोणी हसायचं नाही.

व्हर्जिलनं नेहमीचं सुनावलं, “मॅगझिन अडकलं तर पुन्हा संधी नाही. तुमचं मॅगझिन, तुमचं नशीब.” आणि आमच्याकडे बघून, “हे मी दरवर्षी कुणासाठी सांगतो ते त्यांना माहीत आहे.”

शिट्टी. लोरीन वाळूच्या पोत्यामागे आडवी. एक, दोन, तीन... तिसरी सुटली. चौथी, पाचवी. बोल्ट उघडा राहिला. मॅगझिन बदललं, खटकन. बोटं अशी चालली की विशीतली मुलगी स्वेटर विणतेय. दहाच्या दहा सुटल्या, वेळ उरला, आणि नऊ आतल्या गोलात.

सगळे उभे राहिले. मर्लनं टोपी काढली. मी एवढ्या जोरात ओरडले की पुढच्या जोडीचा माणूस दचकला. माझ्या स्वतःच्या गोळ्यांविषयी लिहीत नाही, वारा होता. तरी बेरीज करून तवा आमचा.

आणि लोरीन? उठली, पिवळ्या पट्टीचं मॅगझिन उचललं, उलटं केलं. पट्टीवर अंगठा फिरवला. दुमडलेल्या कोपऱ्यावर थांबली. चेहरा असा उतरला, जणू कुणी तवा काढून घेतला. मी म्हटलं, “बघितलंस? हात ठणठणीत आहेत तुझे. घराची विक्री थांबव आता.”

“हो,” म्हणाली. एवढंच. तवा हातात धरून फोटोलाही हसली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चला आली नाही. फोन केला तर “भांडी घासतेय.” दुपारी पुन्हा केला, तरी भांडी. एवढी भांडी आहेत कुठे तिच्याकडे?

१५ सप्टेंबर, सोमवार

मेलेल्या डबीची चिरफाड करायला बसले. स्प्रिंग मेलेली असणार, हे लोरीनला पुराव्यानिशी दाखवायचं होतं. बूड उघडायचं तर पट्टी काढायला हवी. सोलली.

खाली फुली.

व्हर्जिलची नाही, मर्लची नाही. लोरीनचीच. तिच्या फुलीला एका टोकाला शेपटी असते, पाइच्या वरच्या पारीला वाफ जायला ती जशी चीर देते अगदी तशी. आणि कोरलेली आजची नाही. कडांत जुनी माती बसून काळी झालेली.

म्हणजे तिला माहीत होतं. तिनंच बाद केलेलं, तिनंच पट्टी लावून झाकलेलं, आणि तेच दर वेळी सगळ्यांत आधी लावलेलं. दोन उन्हाळे!

का गं बाई?

१६ सप्टेंबर, मंगळवार

स्वस्थ बसवेना. मांजर मांडीवर आलं, त्यालाही उठवलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

गेले तिच्याकडे. मॅगझिन पिशवीत होतं, बाहेर काढलं नाही. खोकी बांधलेली, आणि काही पुन्हा सोडलेली. मी सहज विचारलं, “किथची धाकटी काय म्हणते?”

बस्स. मग जी सुरुवात झाली! नात आता उभी राहते. नातीला दोन दात आलेत, आणि खालचा तिसरा येतोय. किथच्या बायकोची रात्रपाळी असते, तेव्हा पोरगी फोनवर लोरीनचा आवाज ऐकल्याशिवाय झोपत नाही. किथनं परसदाराची खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली आहे, भिंतीला फिकट हिरवा रंग. “माझ्या आवडीचा कसा कळला त्याला कोण जाणे,” म्हणाली. सगळं सांगताना हात असे हलत होते, की टेबलावरचा कप दोनदा मी वाचवला. चेहऱ्यावर तो उजेड मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

मग एकदम हात मांडीवर ठेवले. “पण तू म्हणतेस ते खरं. हात चांगले आहेत. आता जायचं कारण काय सांगू?”

सांगू. कुणाला? किथला कारण नको होतं, तो तर दोन वर्षं बोलावतोय. कारण हवं होतं ते मला सांगायला. गस गेला त्या हिवाळ्यात मी तिला म्हटलं होतं, तू आहेस म्हणून निभतंय. तिला नुसतं ‘मला जावंसं वाटतं’ म्हणता येईना, म्हणून बिचारीनं स्वतःचे हात मोडून घेतले. आणि मी, अतिशहाणी, ते दुरुस्त करून बसले.

मी म्हटलं, “मला दुसरा कप दे.”

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पट्टी पुन्हा चिकटवली. एक कोपरा नीट बसत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

गेली. किथ ट्रक घेऊन आला होता. तवा तिच्याच खोक्यात घातला, मी ऐकलं नाही. निघताना पिवळ्या पट्टीचं मॅगझिन तिच्या हातात दिलं. म्हटलं, “तुझं हे माझ्याकडे राहिलं होतं. स्पर्धेत तू चालवलंस ते माझं होतं, म्हणून निभलं. हे घरी चालवून बघितलं मी. एकदम निर्दोष आहे. म्हणजे दोष हातांचाच, लोरीन. कामातून गेलेत ते. तू इथे एकटी राहण्यात काही अर्थ नाही.”

तिनं पट्टीचा सुटलेला कोपरा बघितला. अंगठ्यानं दाबून बसवला. मग माझ्याकडे बघितलं आणि खूप वेळ हसली, डोळे पुसत.

ट्रक सुरू झाल्यावर मी खिडकीशी ओरडले — पोचलीस की लगेच पत्र लिही, वाट बघते. हातांना झेपेल तेवढंच.