तू वाचलेलं शेवटचं पान

आई, तुझ्यावर चिडू की तुझ्या पाया पडू, कालपासून कळत नाही. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये दुपारी तू बायकांना जी कादंबरी वाचून दाखवलीस, तिच्यावर टीव्हीसाठी चित्रपट होतोय आणि त्याचे संवाद तुझी लेक लिहितेय. काल निर्मात्यांचा फोन आला. "मॅडम, ती विधवा गाडीत बसून आपल्या प्रियकराकडे जाते, हे कुठून आणलं तुम्ही? पुस्तकात तर ती स्टेशनवरून सासरी परत जाते. लोक बोंबलतील ना!" मी शेवटचं प्रकरण उघडलं. खरंच परत जाते गं. मुकाट्याने ट्रंक उचलते आणि परत जाते.

मग ती दुपार आठवली. स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगांचा ढीग, भोवती चौघीजणी आणि दाराशी शेजारची काकू. तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पारशिवनीच्या एका मास्तरांनी तिला मागणी घातलेली आणि सासरचे डोळे वटारून बसलेले. तू वाचता वाचता थांबतेस. "काहून थांबली वं? गेली का नाई ते?" काकू विचारते. शेंगा सोलायचं तिने केव्हाच सोडलंय. तू तांब्याभर पाणी पितेस, पुस्तकात बघतेस आणि वाचतेस, "ती गाडीत चढली." त्यानंतर पान न उलटता किती वेळ वाचत होतीस तू! त्याच आठवड्यात काकूने मास्तरांना होकार कळवला. मी संध्याकाळी पुस्तक मागितलं तर हिसकावून घेतलंस. "आयकलं न एक डाव? जाय, अभ्यास कर." तेव्हा फार राग आला होता तुझा.

उद्या बैठक आहे. चित्रपटातून माझं नाव काढून टाकायचं तर खुशाल टाका म्हणणार, पण ती गाडीतून उतरणार नाही. काकूचे केस पांढरे झालेत, मास्तरांवर अजून डाफरत असते. तिला मी पुन्हा सासरी धाडू? होणे नाही.

हा कागद पुस्तकाच्या त्याच पानात ठेवते. एक मात्र सांगायला हवं. निर्मात्यांना परत फोन करून मी ठणकावलं, "शेवट मी पूर्ण विचार करून बदललाय." धादांत खोटं. अख्खं पुस्तक वाचलं होतं, शेवटचं प्रकरण तेवढं सोडलं होतं. तू वाचून दाखवलं होतंस ना, मग मी कशाला वाचू?