गोचीडमुक्त आळी

३ मे, सकाळ
ही नवी गोचीड आमच्या भागात आली कशी? मला माहीत नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराला हे लिहिताना जड जातं, पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार? पदवी भूगोलाची आहे. तरी काय झालं, प्रसार हा भूगोलाचाच विषय. संकल्प: आपली आळी गोचीडमुक्त. उद्यापासून.

४ मे
पशुवैद्यकांना भेटले. ही गोचीड नराशिवाय अंडी घालते. एकटी आली तरी पुरे. चावली की गाईला ताप येतो, रक्त कमी होतं, गाय जातेसुद्धा. बाहेरची जनावरं गोठ्यात घेऊ नका, म्हणाले.
घरी सगळं समजावलं. आई म्हणाली, गोचिडीचं नराशिवाय भागतं म्हणून तू तिचा कित्ता गिरवू नकोस.
आमच्या तांबडीवर एकही गोचीड नाही. पहिल्यांदाच गाभण आहे. आई तिला माझ्याहून जास्त जपते.

९ मे
तपासणी शिबिर भरवायचं ठरलं. जागा: आमचा गोठा. बाबांनी डॉक्टरांची आठवण करून दिली. मी म्हटलं, ते बाहेरच्या जनावरांबद्दल. आळीतल्या गाई बाहेरच्या कशा? पिढ्यानपिढ्यांची ओळख आहे.

१२ मे, संध्याकाळ
शिबिर यशस्वी. गाई दिवसभर आमच्या गोठ्यात सावलीला बांधल्या. दूधवाल्या काकांच्या गाईच्या कानांत द्राक्षांसारख्या टम्म फुगलेल्या गोचिडी होत्या. जाताना पाहिलं तर बहुतेक नाहीशा. अजून औषधही लावलं नव्हतं. काकांनी विचारलं, गेल्या कुठे? मी म्हटलं, गेल्या हे महत्त्वाचं.

२० मे
गोठा फवारायचा राहिला. आधी जनजागृती. घोषवाक्य सुचत नाहीये. ‘गोचीड’ला यमक जुळवणं सोपं नाही. आत्या म्हणते, यमक राहू दे, फवारा मार. तिला मोहिमेचे टप्पे कळत नाहीत.

१४ जून
गोठ्याच्या भिंतीवर खसखशीसारखं काहीतरी चढताना दिसलं. धूळ असावी. आत्याने विचारलं, धूळ भिंत चढते का? वारा होता.

२३ जून
आळीचा नकाशा काढला. गोचिडी सापडल्या तिथे लाल टिंब. टिंबांच्या बरोबर मध्यभागी आमचा गोठा. म्हणजे सल्ला केंद्रासाठी हीच जागा सगळ्यांना जवळ पडेल. बाबा नकाशा बराच वेळ बघत राहिले. माझं रेखाटन पहिल्यापासून चांगलं.

१९ जुलै
तांबडीने चारा सोडला. मी म्हटलं, हवा बदललीये. आईने तिच्या हिरड्या पाहिल्या, कागदासारख्या पांढऱ्या. मला न विचारता डॉक्टर बोलावले. गोचीड ताप. शेपटीखाली, कानांत, कासेवर, सगळीकडे गोचिडी. दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही, म्हणाले. वासराचंही.

२० जुलै
आई गोठ्यातच बसून आहे. माझ्याशी बोलत नाही. तांबडीशी बोलते, पण ते सगळं माझ्याबद्दलच असतं. ‘शिकलेल्यांच्या नादी लागू नये, बाई,’ वगैरे.
भिंतीच्या भेगा मीच फवारल्या. जनजागृती तूर्त स्थगित.

२४ जुलै, सकाळ
तांबडी उठली. बादलीभर पाणी प्याली. डॉक्टर म्हणाले, वासरू हलतंय. मी गोठ्याच्या दारामागे जाऊन थोडी रडले. डोळ्यांत औषध गेलं होतं.
मग डॉक्टरांनी विचारलं, एवढ्या गोचिडी गोठ्यात आल्या कुठून? बाबा छपराकडे बघायला लागले. आत्या माझ्याकडे.

२६ जुलै
दूधवाल्या काकांची गाय आजारी पडली. ते आता गाई आमच्या दारावरून नेत नाहीत, लांबच्या वाटेने फिरवून नेतात. मी गप्प बसले तर सगळी आळी आजारी पडणार. म्हणून आज पशुसंवर्धन कार्यालयाला फोन करून सांगून टाकलं: उगम आमचा गोठा, शिबिर माझं, आळीतल्या सगळ्या गाई तपासा. पलीकडच्या बाईंनी शांतपणे लिहून घेतलं. उद्या माणसं पाठवते म्हणाल्या. शेवटी विचारलं, शिबिर भरवणाऱ्याचं शिक्षण?
मी दहावी सांगितलं.