रिकाम्या पोटांचा हिशेब

माय, तू डोणगावच्या बायकांना सांगायचीस, पोरगी मासोळ्याइच्या दवाखान्यात हाये. दवाखाना नाही गं तो; तिथं आलेलं कुणी बरं होऊन जात नाही. कोकणातल्या त्या प्रयोगशाळेत मी अजूनही माकुलं चिरते. दहा हातांचा मऊ समुद्री प्राणी, त्याच्या पोटात काय निघतं ते पाहायचं. एका पाण्यात माकुलांच्या दोन जाती राहतात. एक बारीक कोळंबी खाते, दुसरी मासे, म्हणून दोघींचं निभत आलं. आता पाणी तापतंय, मासे दूर सरकलेत आणि दोघींच्याही पोटात कोळंबीच सापडते. तरी दोघी टिकून आहेत. साहेब खूश झाले, जमवून घेतलं म्हणाले.

मला आपली चूल आठवली. तू आणि काकू, दोघी जावा. काकूला भाकरीचा वरचा पापुद्रा आवडायचा, तुला खालचा जाड भाग, त्यामुळे भांडायला काही उरायचंच नाही. मग विहीर आटली त्या वर्षी ज्वारी संपत येते, टोपल्यात एकच भाकरी असते आणि तू ती अख्खी काकूकडे सरकवतेस. मी विचारते, काऊन नाही जेवत. "मले भूक नाही," म्हणतेस आणि परात घासायला घेतेस.

आमच्याकडे पोट रिकामं निघालं की ते माकूल हिशेबातून बाजूला काढतात. त्यानं काय खाल्लं, ते कळणार कसं? परवा मी ती बाजूची माकुलं काढून पाहिली. बहुतेक सगळी एकाच जातीची होती, मासे खाणारी. म्हणजे जमवून घेतलं नव्हतं, एक जात उपाशी राहत होती; साहेबांना तसं दाखवलं. मला तुझा फार राग आला, माय. किती सहज खोटं बोलायचीस.

सध्या मी सुट्टी काढून डोणगावला आले आहे. तू गेल्यापासून काकू एकटी असते, पार वाळली आहे. आज दुपारी तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. तू जेव म्हटलं, तर भूक नाही म्हणाली. मी ताट तिच्याकडे सरकवलं.

"तुह्या मायवानीच करून राह्यली तू," ती म्हणाली.

म्हणजे तिला तेव्हाही कळत होतं. आम्ही एका ताटात जेवलो. शेवटचा तुकडा तिनं माझ्याकडे केला, तेव्हा माझं पोट भरलं म्हणाले. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणून लिहिते, मला भूक होती.